डांबरी सुतळी

रान्नेला मी आजही बोल लावत नाही. कुत्रा आहे तो. त्याच्या नाकासमोर चरबी आली तर तो खाणारच, मग ती ताटात असो नाहीतर गाडीच्या एक्सलमध्ये. बोल लावायचाच तर माझ्या पोटच्या गोळ्याला लावायला हवा. हेयका त्याचं नाव. चाळिशी गाठली, कानशिलावरचे केस पिकले, पण अजून हा बाबा काम आधी करतो आणि विचार मागाहून.

झालं असं की बर्फ गेल्यावर आम्ही दरसालसारखे समुद्राकाठच्या कुरणावर उतरलो. रेनडियर भूशिरावर चरायला सोडले, तंबू ठोकला, चूल मांडली. जमीन उघडी पडली की स्नोस्कूटर निजते आणि सगळी मदार त्या जाड चाकांच्या गाडीवर येते. घोड्यावर टांग टाकावी तशी टांग टाकून बसायचं. दलदल असो, धोंडे असोत, ती जाते. ती जाते म्हणून हेयका तिला एका नको त्या चढावर घेऊन गेला आणि उलटा झाला. उजवा हात कोपरात मोडला. डॉक्टरांनी हात बांधून गळ्यात अडकवला आणि बजावलं, पानं गळेपर्यंत जनावरांवर टाकायचा दोर हातात धरायचा नाही. त्याच पडण्यात एका खुंटाने डाव्या पुढच्या चाकामागचं रबर चिरलं.

चाकाला फिरवणारा दांडा असतो ना, त्याच्या सांध्यावर घड्याघड्यांचा रबरी बूट चढवलेला असतो. आत ग्रीस भरलेलं, दोन्ही तोंडांना पत्र्याचे क्लॅम्प आवळलेले. बूट फाटला की ग्रीस बाहेर आणि चिखल आत, मग सांधा टकटक करत मरतो. एवढं मलाही कळतं. हेयकाला तर माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण ग्रीस संपलेलं होतं आणि त्याला दम नव्हता. मी भाकरीला लावायला रेनडियरची चरबी कढवून ठेवली होती, ती त्याने डाव्या हाताने सांध्यात कोंबली आणि वरून टेप गुंडाळला.

"अरे, चरबी कसली भरतोस?" मी म्हटलं.

"चरबी काय नि ग्रीस काय, आई, दोन्ही घसरतात."

सकाळी रान्ने गाडीखाली पाय ताणून पडलेला. मिशांना टेपचे तुकडे चिकटलेले. टेप गेला होता, चरबी चाटूनपुसून साफ झाली होती, आणि रबरी बुटाच्या चिंध्या गवतात विखुरल्या होत्या. माझी सून राव्दना तंबूतून बाहेर आली. खाली वाकून तिने सांधा पाहिला, मग कुत्र्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"मीठ घातलं होतंस ना रे?" तिने विचारलं. "नाहीतर बिचाऱ्याला अळणी लागलं असेल."

मी पोट धरून हसले. पण ते हसू चहाच्या कपाएवढंही टिकलं नाही, कारण गाडी नसली तर राव्दनाचं काय होणार हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

आमच्यात जनावर कुणाचं हे त्याच्या कानावरून ओळखतात. प्रत्येकाची खूण वेगळी, सुरीने कापलेली. माझ्या आईची खूण होती डाव्या कानाला खालून दोन खाचा, उजव्याचं टोक तिरकं छाटलेलं. आई गेली आणि ती खूण झोपली. मला मुलगी नाही. इतकी वर्षं ती खूण नुसती कागदावर राहिली, एकाही कानावर पडली नाही. राव्दना या घरात आल्यापासून कळपामागे जी राबली ती मी डोळ्यांनी पाहिली, म्हणून आईची खूण मी तिच्या नावाने करून दिली आणि सोबत माझ्या काही माद्या दिल्या. यंदा त्या माद्यांना पाडसं झाली होती. यंदा आईची खूण जागी व्हायची होती.

हे ज्याच्या घशाखाली उतरत नव्हतं तो माझा धाकटा दीर, उव्ला. आमच्या चार घरांच्या कळपाचा कारभार तो पाहतो. माणूस कष्टाळू, खोटं बोलणार नाही. पण राव्दना खाडीपलीकडच्या कोळ्याची पोर. लोक आमचेच, बोली आमचीच, फक्त त्यांच्या दारात जनावरांऐवजी होड्या. उव्लाच्या लेखी तेवढं पुरे होतं. त्याने वसंतातल्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "भूशिरावरची जनावरं नदी उतरवून कान कापायच्या कुंपणात आणायची, ती हिने स्वतः आणून दाखवावी. आणली तर खूण तिची. नाही आणली तर यंदाची पाडसं माझ्या खुणेत धरायची, आणि ती जुनी खूण आता विसरायची." भूशिरावर पायी जाऊन कळप वळवणं हे कुणाच्या बापाला जमायचं नाही. जनावरं उधळली की माणूस धावून धावून मरतो.

आणि तो उव्ला नेमका त्याच सकाळी आला. आपल्या गाडीवरून, ऐटीत. खाली न उतरताच त्याने आमच्या चाकाकडे पाहिलं, गवतातल्या चिंध्या पाहिल्या.

"वहिनी, हे काय? कुत्र्याला जेवायला देत नाही का तुम्ही?"

"देते की, भावजी. आज जरा मेजवानी होती."

तो गडगडाट करून हसला. मग राव्दनाकडे वळला. "हे बघ पोरी, हवा पालटतेय. पहिला गार दिवस आला की मी कुंपण उघडणार. उकाड्यात पाडसं कोंडायची नाहीत. तू कशाला जिवाला त्रास करून घेतेस? माझी पोरं भूशिरावर जातील, जनावरं आणतील. तू आपली कॉफी कर, मासे तळ. ते तुला चांगलं येतं."

"मासे येतातच," राव्दना म्हणाली. "जनावरंही येतील. मी आणीन."

"कशावर बसून? कुत्र्यावर?"

तिचा चेहरा लाल झाला. मला राहवलं नाही. त्याच्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं मी केव्हाचं पाहत होते.

"भावजी, तुमच्या चाकातनं ग्रीस उडालंय. बूट कुठेतरी चिरलाय. बघून घ्या."

"माझी गाडी नवी आहे, वहिनी," तो म्हणाला आणि धूर सोडत निघून गेला. माझ्या वाळत घातलेल्या मांसावर तो धूर. मी त्याच्या मागून जे बोलले ते इथे सांगत नाही.

नवा बूट आधीच मागवलेला होता, ते एक बरं. दुपारी राव्दनाचा बाप योव्ना होडी घेऊन आला. शहरातल्या दुकानातून खोकं घेऊन आला होता, सोबत मिठातले मासे आणि लेकीसाठी लोकरी मोजे. खोकं म्हणजे वीतभर, पण त्याने ते डांबर लावलेल्या काळ्या सुतळीने असं करकचून बांधलेलं की जणू समुद्राच्या तळाशी जायचं होतं.

"अहो, व्याही, आत रबर आहे. सोनं नाही," मी म्हटलं.

"होडीत पाणी येतं," तो म्हणाला. कमी बोलणारा माणूस. मासे ठेवले, लेकीच्या पाठीवर हात ठेवला, परत गेला.

मी सुरी घेऊन ती सुतळी कापायला निघाले तर राव्दनाने माझा हात धरला. बसून एकेक गाठ नखाने सोडवली, सगळी सुतळी बोटांवर गुंडाळली आणि खिशात टाकली. "सुतळी कापत नाहीत, आत्या." तिच्या हाताला डांबराचा वास, माझ्या तर तो डोक्यात जातो. आत निघालं ते एवढंच: एक रबरी बूट, ग्रीसची पिशवी, दोन क्लॅम्प, एक मोठा, एक लहान, आणि सांध्याच्या आत बसवायची एक बारीक कडी.

राव्दनाने आजवर एक्सल उघडलेला नव्हता. होडीचं इंजिन तिने उघडलेलं, पण ते वेगळं. हेयका लाकडाच्या ओंडक्यावर बसला आणि तोंडाने काम करू लागला. "तो नट नाही, तो. पाना उलटा धरलास. जॅक सरकवलास का? दगड लाव मागे. अगं दगड!" राव्दनाने चाक काढलं, मोठ्या नटातली पिन सरळ करून उपटली, पान्यावर उभी राहून नट सोडवला. "हळू," हेयका म्हणाला. "जोरात," हेयका म्हणाला. "असं नाही," हेयका म्हणाला.

"हेयका," ती म्हणाली, "तू तंबूत जाऊन निज."

"मी नाही सांगितलं तर चुकशील."

"चुकेन. जा."

मीही म्हटलं, जा बाबा, तुझा हात दुखतोय. तो फुरंगटून आत गेला आणि दुखण्याच्या गोळ्या घेऊन घोरायला लागला.

एक्सल गाडीच्या पोटातून निघेना. आत कडी अडकलेली असते, झटका दिल्याशिवाय सुटत नाही. तिने दांडा धरला, मी तिची कंबर धरली, दोघींनी मिळून हिसडा दिला. पहिला हिसडा वाया. दुसराही. तिसऱ्याला खाड्‌ करून एक्सल सुटला आणि आम्ही दोघी मागच्या मागे दलदलीत. मी खाली, ती माझ्यावर, तिच्या छातीशी एक्सल. रान्ने भुंकत भोवती नाचायला लागला. या वयात कुल्ल्यांखाली गार पाणी जाणं म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच कळतं.

"लागलं का आत्या?"

"उठ आधी. मग विचार."

दगडावर एक्सल आडवा ठेवून तिने सांध्यावर लाकडाचा तुकडा धरला, हातोडीने ठोकला. सांधा दांड्यावरून निसटला. आत चरबी, वाळू, कुत्र्याचे केस, सगळ्याचा लगदा झालेला. आम्ही दोघींनी चिंध्यांनी ते पुसलं, सांध्यातल्या पोलादी गोळ्या एकेक करून फिरवून पाहिल्या. झिजल्या नव्हत्या. राव्दनाने सांधा उन्हात धरून नखाने शेवटचा वाळूचा कण काढला, अगदी पाडसाच्या डोळ्यातलं कुसळ काढावं तसा. मग नवी कडी बसवली, पिशवीतलं ग्रीस बोटाने आत दाबलं, सांधा दांड्यावर धरला आणि ठोकला. खट्‌ आवाज झाला. बसला!

तिने मान वर केली. नाकावर ग्रीस, कपाळावर चिखल, आणि असा आनंद की मला माझ्या तरुणपणाची आठवण झाली. "आत्या, बसला! ऐकलंत? खट्‌ झालं!"

"ऐकलं बाई, ऐकलं. शाबास!" मी म्हटलं, आणि कॉफीची किटली उचलायला वळले. किटलीशेजारच्या दगडावर रबरी बूट ठेवलेला होता. नवाकोरा.

मी त्याच्याकडे पाहिलं. राव्दनाने माझ्याकडे पाहिलं, मग दगडाकडे. बूट दांड्यावर आधी चढवायचा असतो, मग सांधा. एकदा सांधा बसला की बूट जाणार कुठून?

ती खाली बसली. हातोडी बाजूला ठेवली आणि ग्रीसने माखलेल्या हातांनी तोंड झाकून रडायला लागली. लहान मुलासारखी, हुंदके देऊन. "उव्लाकाका खरं बोलतात. मासेच तळावे मी. मला काही येत नाही."

मला राग आला. तिचा नाही, उव्लाचा. मग तिचाही आला थोडा. "अगं, रडतेस काय? माझ्या आईने पहिल्या वेळी भलत्याच जनावराचा कान कापला होता. शेजाऱ्याच्या! आयुष्यभर लोक हसले तिला. तरी खूण तिचीच राहिली ना? पूस ते तोंड. नको, पुसू नकोस, आणखी काळं होईल. उठ."

ती हसली, रडता रडता. उठली. सांधा पुन्हा ठोकून काढला. या खेपेला तो हट्टाने बसलेला, पुष्कळ ठोकावं लागलं, आणि त्या ठोकाठोकीत लहान क्लॅम्प दगडावरून उडाला. आम्ही दोघींनी गवत पिंजून काढलं. दलदलीत हात कोपरापर्यंत घातले. तो गेला तो गेलाच. आमच्या दलदलीने आजवर माझे चमचे खाल्लेत, सुऱ्या खाल्ल्यात, एक क्लॅम्प तिला काय जड?

जुना क्लॅम्प कापून काढलेला, त्याचा उपयोग नाही. प्लॅस्टिकच्या पट्ट्या नदीच्या धोंड्यांत टिकत नाहीत, हे मागे एकदा पाहिलेलं. मी तंबूतून माझ्या जोड्यांच्या विणलेल्या पट्ट्या आणल्या. हिवाळ्यात आम्ही जोडा आणि विजारीचा पाय यांच्या सांध्यावर त्या गुंडाळतो, बर्फाचा कण आत जात नाही.

राव्दनाने पट्टी हातात घेतली, दाबून पाहिली. "लोकर आहे, आत्या. पाण्यात ढिली पडेल." मग ती एकदम थांबली. खिशात हात घातला. काळी सुतळी बाहेर काढली.

"ही नाही पडणार," ती म्हणाली. "ही भिजली की आणखी आवळते. बाबांची जाळी हिच्यावर धरून असतात."

"पण गुंडाळणार कशी? गोल दांड्यावरून घसरेल."

"मग तुम्ही दाखवा ना. जोड्याला कशी गुंडाळता?"

मी दाखवलं. खालून वर यायचं, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवायचा, पाणी वरून वाहून जातं, आत शिरत नाही. या खेपेला आधी बूट, मग सांधा. खट्‌ झालं तेव्हा दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, पण नाचलो नाही. तिने बुटाची कड खाचेत बसवली, बारीक पेचकसाने आतली कोंडलेली हवा फुस्स करून सोडली, मोठ्या तोंडाला मोठा क्लॅम्प घातला आणि पकडीने त्याचा उंचवटा चिमटून बंद केला. लहान तोंडाला सुतळी. मी वेढे धरून ठेवले, तिने दात ओठ खाऊन आवळलं, आणि शेवटी कोळ्यांची ती गाठ मारली जी जितकी ओढाल तितकी चावते. सुतळी तिच्या बापाची, गुंडाळणं माझं. वरून ओलं फडकं फिरवलं.

रान्ने आला. नाक पुढे करून हुंगलं. डांबराचा भपकारा नाकात गेला तसा तो शिंकला, पुन्हा शिंकला, आणि शेपूट खाली घालून चुलीकडे गेला. त्या दिवसातली सगळ्यात मोठी शाबासकी ती.

हेयका उठून बाहेर आला तेव्हा चाक लागलेलं. त्याने खाली वाकून सुतळी पाहिली, बोटाने ओढून पाहिली. "बूट आधी चढवलास ना?" त्याने विचारलं.

"मग काय मागाहून चढवतात?" ती म्हणाली. मी किटलीत तोंड खुपसलं.

मग एका सकाळी हवा पालटली. वारा समुद्रावरून वळला, डोंगरांवर ढग बसले, बारीक गार भुरभुर सुरू झाली. उव्ला आज कुंपण उघडणार हे आभाळानेच सांगितलं. हेयका शेजाऱ्यांच्या होडीतून कुंपणाकडे गेला, एका हाताने निदान फाटक तरी धरीन म्हणून. राव्दना गाडीवर पुढे, मी मागे तिची कंबर धरून. मला कुणी चल म्हटलं नव्हतं. पण आईची खूण होती, मी घरी बसणार होते की काय?

भूशिरावर आम्ही लांबून वळसा घेऊन गेलो, जनावरांच्या मागे. राव्दनाने गाडी दामटली नाही. हळू, थांबत, शीळ घालत. रान्ने एका बाजूने, आम्ही दुसऱ्या बाजूने. माद्या माना वर करून एकत्र आल्या, पाडसं त्यांच्या पायांत. एक थोराड मादी पुढे लागली आणि मग सगळा कळप तिच्यामागून वाहायला लागला. चालताना घोट्यांचा होणारा तो कटकट आवाज, पाडसांचं घुरघुरणं, भिजलेल्या केसांचा वास. माझा जीव मात्र खाली डाव्या चाकाशी अडकलेला. प्रत्येक धोंड्यावर मी कान देत होते. टकटक ऐकू आली की संपलं.

नदी पावसाने चढलेली. कळप काठावर थबकला. पुढची मादी पाण्याला नाक लावून मागे सरली, आणि मागची जनावरं फिरायला लागली. एकदा फिरली की पुन्हा भूशिराच्या टोकापर्यंत जातील. राव्दनाने एक क्षण पाण्याकडे पाहिलं.

"आत्या, घट्ट धरा."

"अगं, खोल आहे!"

"ठाऊक आहे मला पाणी," ती म्हणाली. आणि गाडी घातली, तिरपी, प्रवाहाच्या वरच्या अंगाने. पाणी माझ्या गुडघ्यांवर आलं. डावं चाक एका धोंड्यावर चढलं, गाडी कलली, मी डोळे मिटून आईचं नाव घेतलं. धोंडा निसटला, चाक दाणकन खाली आपटलं. आता तुटलं, म्हटलं. पण चाकाने तळ धरला, गाडी पुढे सरकली, आणि आमच्यामागे पाण्यात धपाधप आवाज यायला लागला. मागे वळून पाहिलं तर मादी पोहत होती. तिच्यामागून सगळा कळप, शिंगांचं रानच्या रान पाण्यावरून येत होतं.

पलीकडे चढून राव्दनाने इंजिन मंद केलं. खाली वाकून ऐकलं. मीही ऐकलं. घों-घों, घों-घों, बस्स. टकटक नाही. तिने चाकात हात घालून सुतळी चाचपली.

"कशी आहे गं?"

"आवळलीय," ती म्हणाली. "हलत नाही. आत्या, हलत नाही!" आणि तिने अशी आरोळी ठोकली की रान्नेही दचकला. मीही ठोकली. कशाला लाजायचं?

कुंपणाशी पोचलो तेव्हा बाकीच्या घरांची जनावरं आत होती. उव्लाची आली नव्हती. तो नि त्याची पोरं उत्तरेच्या दरीतून यायची होती, त्यांचा पत्ता नव्हता. हेयकाने डाव्या हाताने फाटक ओढलं, आमचा कळप आत घुसला, आणि माझा मुलगा, जो मोडक्या हातालाही रडला नव्हता, तो बाहीने डोळे पुसत होता. "पाऊस आहे," तो म्हणाला.

पाडस कुठल्या मादीच्या मागे जातं ते पाहायचं, म्हणजे ते कुणाचं ते कळतं, मग दोर टाकायचा. राव्दनाने पहिला दोर टाकला तो चुकला. दुसरा मागच्या पायात बसला. पाडस ओढत आणलं, मांडीखाली घेतलं, सुरी काढली. मी तिच्याजवळ चिखलात गुडघे टेकले. डाव्या कानाला खालून एक खाच. दुसरी खाच. उजव्याचं टोक तिरकं. पाडस एकदा किंचाळलं, सुटलं आणि आईकडे पळालं. आईने त्याला हुंगलं आणि घेऊन गेली. माझ्या आईची खूण चिखलातून उड्या मारत चालली होती. मी रडले. सगळ्यांसमोर रडले, आणि मला काही वाटलं नाही.

कापलेले कानाचे तुकडे आम्ही खिशात ठेवतो, मागाहून आपलं आपण मोजायला. दुसऱ्याचे कुणी मोजत नाही. कुणाकडे किती जनावरं हे आमच्यात विचारत नाहीत; तेवढी लाज लहान पोरालाही असते. पाडसामागून पाडस होत गेलं आणि राव्दनाचा खिसा फुगत गेला.

शेवटी उव्ला आला. आधी त्याची गाडी ऐकू आली. टक टक टक टक. चढावर टकटक, उतारावर टकटक, कुंपणातल्या सगळ्या माना तिकडे वळल्या. गाडी फाटकाशी येऊन खरखरली आणि थांबली. त्याची पोरं अर्धा कळप घेऊन पायी येत होती, अर्धा दरीतच उधळलेला. उव्ला खाली उतरला, कमरेपर्यंत चिखल. त्याने आमच्या गाडीकडे पाहिलं, आतल्या पाडसांकडे पाहिलं, त्यांच्या कानांकडे पाहिलं. मग राव्दनाच्या खिशाकडे. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं:

"किती?"

दोर हातात घेतलेली माणसं तशीच उभी राहिली. कारभारी माणूस, म्हातारा झालेला, आणि असं विचारतो? उव्लाला स्वतःलाच कळलं, कानापर्यंत लाल झाला. तुम्हाला सांगते, माझ्या जिभेवर एवढं आलं होतं, एवढं आलं होतं! पण तो घास माझा नव्हता.

राव्दनाने सुरी विजारीला पुसली. "आहेत थोडी, काका," ती म्हणाली.

बास. एवढंच. कुणीतरी खोकलं, कुणीतरी हसू दाबलं, आणि काम पुन्हा सुरू झालं.

उव्ला आमच्या गाडीजवळ गेला. खाली वाकला. बोटाने सुतळी ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. मग टोपी काढून आला, तिच्यासमोर उभा राहिला.

"खूण तुझी," तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग आवाज खाली आला. "ती काळी सुतळी. उरलीय का थोडी?"

राव्दनाने दुसऱ्या खिशात हात घातला, उरलेली गुंडाळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. डांबराच्या वासाने त्याने नाक मुरडलं, पण मूठ मिटली.

"मासे तळून झाले की येते मी, गाठ दाखवायला," ती म्हणाली. "आणि काका, एक सांगू? आधी बूट चढवा, मग सांधा ठोका."

"म्हणजे काय, ते कुणाला कळत नाही?" उव्ला म्हणाला.

मी एवढ्या जोरात हसले की कुंपणातली जनावरं बिथरून एका बाजूला पळाली. घरी जाताना राव्दनाने खिशातला पहिला तुकडा काढून माझ्या हातात दिला. तिरका, मऊ, अजून ओला. तो माझ्याकडे आहे, आईच्या सुरीच्या म्यानात.